तुडुम कोणी उघडायचं?

गेल्या काही वर्षांत एक प्रश्न मला सारखा ऐकू येतो. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या बाकावर, ग्रंथालयातल्या व्याख्यानानंतर. "पूर्वीची माणसं काटक होती, अडीनडीला धावून येत होती. आता घरोघरी नळ आला, गॅस आला, हातात मोबाईल आला आणि उरलंसुरलं राजकारणानं खाल्लं. समाज आतून पोकळ होत चाललाय, असं नाही वाटत तुम्हाला?"

विचारणारा बहुतेक वेळा साठीच्या पुढचा असतो, पण पंचविशीतली मुलंही हेच विचारतात. त्यांच्या स्वरात तक्रारीपेक्षा काळजी जास्त असते. म्हणून हा प्रश्न म्हातारपणाची कुरकुर समजून झटकून टाकणं मला पटत नाही. त्याचं उत्तर शोधायला आपण भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात जाऊ, वैनगंगेच्या काठावर, गोसीखुर्दला. सोयीचं आश्वासन आणि राजकीय विचार ही दोन्ही या गावात एकाच पायाभरणीच्या दगडाबरोबर आली.

१. दुबळा म्हणजे कसला?

आधी शब्द स्वच्छ करून घेऊ. माणूस दुबळा झाला की नाही हे वजन उचलायला लावून कळतं. समाजाचं तसं नाही. दोन तगडे बैल, पण एकमेकांची सवय नसलेले, एका जुवाला जुंपून पाहा. दोघांच्या अंगात ताकद भरपूर असते आणि तास मात्र वाकडं जातं. समाजाचं बळ या सवयीत असतं. जे काम एका घराच्या आवाक्यातलं नाही, ते चार घरांनी मिळून, कुणी वरून हुकूम न देता, वेळेवर करणं म्हणजे समाजाचं बळ.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. वर मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस, तिथल्या संजय सरोवरातून सुटलेलं पाणी आणि इकडे गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडलेले. भंडारा शहरात पाणी शिरलं, खाली ब्रह्मपुरीकडची आणि गडचिरोलीची गावं वेढली गेली. अशा पुरात बचावपथकं येतात, पण पहिले काही तास गावाचे स्वतःचे असतात. डोंगा कुणाकडे आहे, तो कोण वल्हवू शकतो, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, हे ज्या गावाला पाठ असतं ते गाव बळकट. ते विचारत बसावं लागलं तर गाव दुबळं, मग प्रत्येक घरावर स्लॅब का असेना.

२. सहाशे वर्षांपूर्वीचं एक उत्तर

हा प्रश्न आपल्या पिढीने शोधून काढलेला नाही. ट्यूनिसमध्ये १३३२ साली जन्मलेला इब्न खल्दून नावाचा अरब इतिहासकार होऊन गेला. १३७७ साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्याने 'असबिया' हा शब्द मध्यावर ठेवला. असबिया म्हणजे गटातल्या माणसांची एकमेकांसाठी उभं राहण्याची ओढ. वाळवंटात टोळीशिवाय माणूस जगत नाही, म्हणून टोळीची असबिया घट्ट. ती टोळी शहर जिंकते, राज्य करते. मग मुलं महालात वाढतात, नातवंडं पहाऱ्यासाठी भाडोत्री शिपाई ठेवतात आणि तीन-चार पिढ्यांत ती ओढ विरून जाते. मग बाहेरून दुसरी टोळी येते.

ऐकायला हे अगदी पटतं. 'सुखामुळे माणूस सैल होतो' म्हणणाऱ्यांना इथेच थांबावंसं वाटतं. पण इब्न खल्दूनने आणखी एक गोष्ट लिहिली आहे. असबियेला एखाद्या धर्मविचाराची जोड मिळाली की तिचं बळ कित्येक पटींनी वाढतं, आणि असबिया नसेल तर तो विचार नुसता हवेत राहतो. म्हणजे त्याच्या हिशेबात सोय ही दोरी सैल करणारी, पण विचार ही दोरीला पीळ देणारी गोष्ट. आपल्या प्रश्नात आपण दोघांना एकाच पिंजऱ्यात उभं केलं होतं. ते आता वेगळे करू.

माझी अडचण निराळी आहे. इब्न खल्दूनने टोळ्या आणि राजघराणी पाहिली. शेतकऱ्याचं गाव, जिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच पाण्यावर जगतात, त्याच्या हिशेबाच्या मध्यावर नव्हतं. आणि भंडारा जिल्हा पाण्याशिवाय समजत नाही.

३. तलावाचं गाव

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा पट्टा धानाचा. इथे पाऊस चांगला पडतो, पण धानाला तो हवा तेव्हाच हवा असतो. पऱ्हे टाकले, रोवणी झाली आणि भाद्रपदात पावसाने पाठ फिरवली की लोंबी भरत नाही. हातातोंडाशी आलेलं पीक जातं. त्यावर इथल्या लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे तलाव. या पट्ट्यात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. त्यांचं आजचं सरकारी नाव माजी मालगुजारी तलाव, आणि लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'.

चांद्याच्या गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधेल त्याला तलावाखालची जमीन, अशी रीत होती असं परंपरा सांगते. कोहळी समाज या कामात वाकबगार. उतार कसा ओळखायचा, माती कुठली घ्यायची, पाळ किती रुंद धरायची हे ज्ञान बापाकडून मुलाकडे येई. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात पडेल, त्याचा त्याच्याही खालच्या तलावात, अशा माळा त्यांनी ओवल्या.

असा तलाव जवळून पाहिला की त्याची रचना किती साधी आहे हे कळतं. एक लांब मातीची पाळ. पाळीला पाण्याच्या बाजूने दगडांची बांधणी. एका टोकाला सांडवा. आणि पाळीच्या पोटात तुडुम, म्हणजे पाणी बाहेर सोडण्याचं तोंड. तुडुम उघडलं की पाणी पाटात आणि पाटातून या बांधीतून त्या बांधीत उतरत जातं. बांधी म्हणजे धुऱ्यांनी वेढलेला धानाचा तुकडा. वरच्या बांधीतून गेल्याशिवाय खालच्या बांधीला पाणी नाही. त्यामुळे वरचा आणि खालचा शेतकरी यांचं भांडण असलं तरी बोलणं बंद ठेवून चालत नसे.

तुडुम कधी उघडायचं हे गाव ठरवी. पाणी सोडायला, पाळीवर नजर ठेवायला गावाने नेमलेला माणूस असे आणि त्याचा मोबदला बहुतेक ठिकाणी धानातच दिला जाई. उन्हाळ्यात गाळ काढायचा, तो शेतात टाकायचा. पावसाळ्याआधी पाळीची बिळं बुजवायची. मासे धरायचा हक्क धिवरांचा. गुरांना पाणी, कपडे धुणं, कमळकाकडी, शिंगाडा यांचे हक्क ठरलेले. इंग्रजी अमलात हे गावाचे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात लिहूनही ठेवले गेले.

४. ऐंशी दिवसांचा हिशेब

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊन छोटा हिशेब करू.

समजा एका तलावाखाली ४० शेतकरी आहेत आणि दरवर्षी प्रत्येकाने पाळीसाठी दोन दिवस द्यायचे आहेत. झाले ८० दिवस. पाळ टिकायला खरं तर ६० दिवस पुरतात. पहिल्या वर्षी ५ जण आले नाहीत. ७० दिवस काम झालं, पाळ शाबूत राहिली. न आलेल्यांनाही तेवढंच पाणी मिळालं. हे बाकीच्यांनी पाहिलं. दुसऱ्या वर्षी १२ जण आले नाहीत. ५६ दिवस. पाळ थोडी खचली, पण फुटली नाही. तिसऱ्या वर्षी २० जणच आले, ४० दिवस. आणि त्या श्रावणात पाळ फुटली.

या हिशेबात कुणीही माणूस वाईट नाही. पहिल्या वर्षी न आलेल्या पाचांपैकी एकाची बायको बाळंत असेल, एकजण मजुरीला नागपूरला गेला असेल. गोष्ट बिघडली ती पुढच्या पायरीवर. कोण आलं नाही याची नोंद कुणी ठेवली नाही आणि न येणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

अमेरिकेतल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी आयुष्यभर हेच अभ्यासलं. नेपाळमधले कालवे, जपान आणि स्वित्झर्लंडमधली सामाईक कुरणं, किनाऱ्यावरची मासेमारी. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. सामाईक गोष्टी कुठे टिकतात आणि कुठे मोडतात, याच्या त्यांना काही खुणा सापडल्या. हक्कदार कोण हे स्पष्ट हवं. नियम ते पाळणाऱ्यांनीच केलेले हवेत. देखरेख आपल्यातल्याच माणसाची हवी. नियम मोडणाऱ्याला पहिल्या वेळी हलका दंड आणि पुन्हा मोडला तर थोडा जास्त. आणि वरच्या सरकारने गावाचा हा अधिकार मान्य करायला हवा.

या यादीत गरिबी कुठेच नाही. माणसं कष्टात जगत असली तरच एकत्र राहतात, असं ऑस्ट्रम यांना आढळलं नाही. स्वित्झर्लंडच्या गावांत सुबत्ता आली तरी सामाईक कुरणांचे नियम टिकले. आपल्या प्रश्नाच्या अर्ध्या भागाला इथे मोठा धक्का बसतो.

५. ते दिवस सगळ्यांसाठी चांगले नव्हते

पण जुन्या तलावाचं वर्णन करताना माझाही हात थोडा सैल सुटला, हे कबूल करून पुढे जायला हवं.

मालगुजार हा सारावसुलीचा मालक. त्याच्या तलावाच्या पाळीवर माती टाकणारे सगळे हात राजीखुशीचे नव्हते, त्यात वेठही होती. धिवराला तलावातले मासे मिळत, तलावाखालची जमीन मिळत नसे. आणि ज्यांना गाव शिवून घेत नव्हतं त्यांना पाणवठ्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला तो याचसाठी. जिथे एकजण कायम पाण्यापासून चार हात दूर उभा आहे, त्या गावाच्या एकीचं कौतुक त्याने का करावं?

बायकांचं तर विचारूच नका. गिरणी येण्याआधी धान ढेकीवर कांडलं जाई. पहाटे अंधारात उठायचं, लाकडी ढेकीचं एक टोक पायाने दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. घरात दहा माणसं असतील तर रोज. राइस मिल आली तेव्हा समाज दुबळा झाला असं ज्याला वाटतं, त्याने आठ दिवस ढेकी चालवून मग बोलावं. नळाचंही तेच. तीनशे घरांच्या गावात प्रत्येक घरी रोज एक तास पाणी भरण्यात जात असेल, तर नळ आल्यावर गावाचे रोज ३०० तास मोकळे झाले. हे तास गेले कुठे, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. ज्या गावांत ते बचत गटाच्या बैठकीत, मुलीच्या अभ्यासात, शिलाई मशीनवर गेले, तिथे सोयीने समाजाला हात दिले आहेत.

आणि विचारसरणी? १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपवली, तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. मालगुजारीचा हा शेवट विचारानेच झाला. जमीन कसणाऱ्याची, हा विचार नसता तर मालगुजार आजही वाड्यावर बसून असते. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्यांनी शेजारच्या नागपुरात लाखो लोकांबरोबर धम्मदीक्षा घेतली. या भागातल्या वस्त्यांमध्ये शाळा, वसतिगृहं, विहारं, जयंतीची वर्गणी, वाचनालयं ही जी पुढची बांधणी दिसते ती एका विचारातून उभी राहिली आहे. विचार समाजाला कमकुवत करतो असं सरसकट म्हणणं मला तरी या जिल्ह्यात उभं राहून जमणार नाही.

मालगुजारी गेली ते योग्य झालं. चूक झाली ती त्याच्या पुढच्या पावलात. मालगुजाराकडून काढलेला तलाव गावाकडे जाण्याऐवजी सरकारकडे गेला. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. तुडुम बिघडलं तर आता अर्ज करायचा. गाळ साचला तर निधीची वाट पाहायची. वेठ संपली, पण तिच्याबरोबर तलाव आपला आहे ही भावनाही गेली. उथळ झालेल्या तलावांत बेशरमाची झुडपं माजली.

६. गोसीखुर्द

गावांच्या नावातला 'खुर्द' म्हणजे धाकटं आणि 'बुद्रुक' म्हणजे थोरलं. वैनगंगेकाठच्या या धाकट्या गावाचं नाव आज देशभर माहीत आहे, ते साडेअकरा किलोमीटरच्या आसपास लांबीच्या धरणामुळे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. नाव इंदिरा सागर. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची, हे उद्दिष्ट. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा, आणि तो वाढत वाढत १८ हजार कोटींच्या पुढे गेला. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भूमिपूजनाच्या वेळी रांगणारी मुलं आज चाळिशीकडे झुकली आहेत आणि कालव्याच्या शेपटाकडची बरीच शेतं अजून वाट पाहतात.

या धरणामागे एक विचार होता, तो समजून घेतला पाहिजे. १९८४ साली वि. म. दांडेकर समितीने महाराष्ट्राच्या असमतोल विकासावर अहवाल दिला आणि 'अनुशेष' हा शब्द विदर्भात घरोघरी पोहोचला. अनुशेष म्हणजे राहिलेली बाकी. सिंचनात आमची इतकी बाकी आहे, ती द्या. हा विचार न्याय्य होता. त्याने पक्षापक्षांतल्या माणसांना एका मागणीवर आणलं.

पण बाकी मागताना 'विदर्भ' हा एकच खातेदार धरला गेला. त्या खात्याच्या आत दोन माणसं होती. एक, ज्याच्या शेतात पाणी येणार होतं. दुसरा, ज्याचं शेत पाण्याखाली जाणार होतं. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली ८५ गावं या धरणाने बाधित झाली. तीही विदर्भातलीच. विचारसरणी माणसांना जोडते तेव्हा ती त्यांना एक नाव देते, आणि त्या एका नावाखाली कुणीतरी झाकला जातो. तो झाकलेला माणूस आपण शोधतो की नाही, यावर त्या विचाराचं चांगलंवाईट ठरतं असं मला वाटतं.

७. अठरा सुविधा

या भागात 'अठरा नागरी सुविधा' हे शब्द शाळकरी मुलालाही माहीत असतात. पुनर्वसित गावठाणात सरकारने काय काय द्यायचं त्याची ही यादी. रस्ते, गटारं, पिण्याचं पाणी, वीज, शाळा, समाजमंदिर, स्मशानभूमी अशी. त्या पूर्ण झाल्या की नाहीत यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली, आणि ती योग्यच होती.

नवीन गावठाणात गेलं की सरळ रस्ते आणि आखलेले प्लॉट दिसतात. जुन्या गावापेक्षा रस्ता रुंद, वीज जवळ. पण गोठा कुठे बांधायचा? गुरं चरायला कुठे न्यायची? गुरं नसतील तर शेण नाही, शेणखत नाही, आणि शेतच नसेल तर खत कशाला? जुन्या गावात ज्याच्या अंगणातून वाट जायची त्याच्याशी रोज दोन शब्द व्हायचे. नव्या गावात सोडतीत शेजारी कोण आला त्यावर सगळं. अठरा सुविधा मोजता येतात म्हणून त्या यादीत आल्या. धुऱ्याला धुरा लागलेल्या दोन शेतकऱ्यांचं चार पिढ्यांचं नातं मोजायला कुठलं माप नव्हतं, म्हणून ते यादीत आलं नाही आणि त्याची भरपाईही झाली नाही.

मोबदल्याच्या पैशाबद्दलही इथे बोलायला हवं. 'पैसा आला, मोटारसायकली घेतल्या, उडवून टाकला,' असं बाहेरची माणसं फार सहज म्हणतात. जरा विचार करू. शेतकऱ्याच्या घरात धानाचे दोन ढीग असतात, एक खायचा आणि एक बियाण्याचा. बियाण्याच्या ढिगाला कितीही भूक लागली तरी हात लावत नाहीत, कारण तो पुढच्या वर्षी शेतात जायचा असतो. आता शेतच गेलं, तर बियाण्याचा ढीग आणि खायचा ढीग यांत फरक काय उरला? जमीन दरवर्षी देते. रोकड एकदाच येते, आणि ती ज्याच्यात पेरायची ते शेत पाण्याखाली आहे. मुलीचं लग्न, घराचं छत, आजारपण, मोटारसायकल यांत ती जाणारच. याला सुखलोलुपता म्हणणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

आणि याच माणसांनी दाखवलेलं बळ पाहा. गोसीखुर्द प्रकल्पग्रस्त संघर्ष समितीच्या झेंड्याखाली वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी गावं वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिली, धरणं धरत राहिली, पाण्यात उतरून उभी राहिली. २०१३ मध्ये सरकारला सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज जाहीर करावं लागलं. त्या काळात या गावांमध्ये टीव्ही होते, मोबाईल होते. मोबाईलवरूनच निरोप गेले असतील, उद्या सकाळी धरणावर जमायचं.

८. बटण दाबल्यावर

सोयीचा खरा धोका मला दुसरीकडे दिसतो, आणि तो गोसीखुर्दच्या पाण्यात डोळ्यांनी पाहता येतो.

नागपुरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये कुणी फ्लशचं बटण दाबतो. त्याच्यापुरतं काम संपतं. शहराच्या सांडपाण्यातला काही भाग प्रक्रिया होऊन वीजकेंद्राला जातो, पण बराचसा नाग नदीत उतरतो. नाग पुढे कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते. पूर्वी वैनगंगा वाहती होती, घाण पुढे जाई, पातळ होई. आता खाली धरणाची भिंत आहे. पाणी थांबतं आणि घाण त्यात मुरते. पृष्ठभागावर जलपर्णी पसरते. मासे धरणाऱ्या धिवराच्या जाळ्यात मासळीपेक्षा जलपर्णी जास्त येते आणि पाण्यात उतरलं की अंगाला खाज सुटते.

नागपूरकर वाईट नाही. त्याला हे दिसत नाही, इतकंच. तलावाच्या गावात वरच्या बांधीवाल्याने पाणी नासवलं तर खालचा संध्याकाळी दारात येऊन उभा राहायचा. फ्लशचं बटण आणि धिवराचं जाळं यांच्यामध्ये शंभरेक किलोमीटर आहेत, आणि धिवर कुणाच्या दारात जाऊन उभा राहणार? सोयीमुळे एका माणसाचा भार दुसऱ्यावर जातो आणि मधली वाट इतकी लांब होते की दोघांची कधी गाठच पडत नाही. समाज सैल होतो तो या जागी. यावर आणखी काटकपणा हा उपाय नाही. खालच्याला वरच्याच्या दारात पोहोचता येईल अशी व्यवस्था हवी.

अशी व्यवस्था उभी राहू शकते. नाशिक जिल्ह्यात ओझरला बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास वाघाड धरणाच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांना घेऊन पाणीवापर संस्था सुरू केल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी स्वतः गोळा करायची, पाळी स्वतः लावायची. पुढे साऱ्या प्रकल्पाचं पाणी शेतकरी संस्थांच्या हाती आलं. तिथे पंप, ठिबक, द्राक्षबागा, सगळी आधुनिक सोय आहे आणि तरी माणसं हिशेबाला एकत्र बसतात. २००५ साली राज्याने यासाठी कायदाही केला. गोसीखुर्दच्या कालव्यांवर हे काम मनापासून व्हायला हवं होतं. सिमेंटच्या अस्तरावर जेवढा खर्च झाला त्याचा लहानसा भाग जरी या बैठकांवर लागला असता, तर कालव्याच्या मुखाशी धान दोनदा आणि शेपटाला एकदाही नाही, असं कुठे झालं नसतं.

९. पक्ष आणि पाळ

आता राजकीय विचारसरणीची कसोटी. मी ती एका साध्या प्रश्नाने घेतो. हा विचार तुम्हाला उद्या सकाळी शेजाऱ्याबरोबर काहीतरी करायला लावतो का? की कुणीतरी येऊन करेल म्हणून, किंवा कुणाला तरी शिव्या देत, घरी बसायला लावतो?

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' या संस्थेतून मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. धिवर समाजाच्या, विशेषतः बायकांच्या, साथीने त्यांनी जुने तलाव पुन्हा जिवंत करायला घेतले. ही मंडळी आधी तलावात उतरली आणि बेशरम उपटली. तिथे मूळच्या पाणवनस्पती शोधून आणून लावल्या, कारण कुठल्या वनस्पतीच्या आडोशाने कुठली मासळी अंडी घालते हे धिवरांना आजोबांपासून ठाऊक होतं. मग स्थानिक मासे परत आले, पक्षी आले. ज्या बायकांना मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत जागा नव्हती त्या ग्रामसभेत बोलू लागल्या. हक्कांचा आधुनिक विचार आणि धिवरांचं जुनं ज्ञान इथे एका जुवाला लागलं आहे. अशा कामात मत कुणाला दिलं हे चिखलात उभं असताना कुणी विचारत नाही.

उलट प्रकारही आहे, आणि तो मला गावागावांतून दिसतो. ग्रामपंचायतीत दोन गट, दोन झेंडे. एका गटाने तलावाचा गाळ काढायचा ठराव आणला की दुसरा गट सभेतून उठतो. मग तलाव मासळीच्या ठेक्यावर बाहेरच्या माणसाला जातो आणि गावाला वर्षाला काही रक्कम मिळते. दोन्ही गटांचे कार्यकर्ते मोबाईलवर दिल्लीच्या राजकारणावर तावातावाने बोलतात आणि पाळीवरच्या घुशीच्या बिळाकडे कुणाचंच लक्ष नसतं.

टीव्ही आल्यावर सगळं संपलं, असंही म्हणवत नाही. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, दिवसा दंडार नावाचं लोकनाट्य, रात्री नाटक. वडसा देसाईगंजच्या नाटक कंपन्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव फिरतात आणि कडाक्याच्या थंडीत माणसं घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत तंबूत बसतात. झाडीपट्टी नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. घरी टीव्ही चालू ठेवून ही माणसं नाटकाला येतात, कारण मंडईच्या नाटकाची वर्गणी गाव काढतं, मंडप गाव घालतं, आणि पाहुण्याला पुढे बसवायचा मान गावाचा असतो. जिथे करण्यासारखं काही गावाच्या हातात राहिलं, तिथे सोयीने गावाचं काही बिघडवलेलं नाही.

१०. पाणी ओसरल्यावर

धरण होण्याआधी उन्हाळ्यात वैनगंगा आटली की वाळवंटात धिवर कुटुंबं टरबुजं आणि डांगरं लावायची. वाळूत खड्डे करून, खत घालून, घागरीने पाणी देऊन. त्यातली कितीतरी वाळवंटं आता पाण्याखाली आहेत.

पण धरणाची पातळी उन्हाळ्याकडे खाली जाते, तेव्हा काठाची जमीन उघडी पडते. काळी, मऊ, गाळाची. तिच्यावर पीक घेण्याला गाळपेर म्हणतात. बुडीत गेलेल्या शेतकऱ्याला हीच जमीन, कधीकधी अगदी आपलीच जुनी जमीन, दोन-चार महिन्यांसाठी पुन्हा दिसते. धुरे पुसलेले असतात. कुठे जुन्या विहिरीचं तोंड, कुठे आंब्याचा वाळलेला बुंधा. तेवढ्यावरून माणसं ओळखतात, ही अमक्याची बांधी होती आणि तिथून पुढे आमची.

ही गाळपेर कुणी करायची हा खरा प्रश्न आहे. ज्याचा बैल आधी पोहोचला त्याने? ज्याची ओळख तालुक्याला आहे त्याने? की पूर्वी ज्याचं शेत होतं त्याने? मासे धरणाऱ्यांना जाळी सुकवायला आणि डोंगे लावायला किती काठ मोकळा ठेवायचा? पाणी पुन्हा वर येण्याआधी पीक निघालं पाहिजे, म्हणजे ठरवायला वेळ थोडा. नव्या गावठाणातली माणसं तेव्हा समाजमंदिरात जमतात, अठरा सुविधांच्या यादीतल्या त्याच समाजमंदिरात, आणि कुणीतरी वहीच्या पाठकोऱ्या पानावर काठाचा नकाशा काढायला घेतो. म्हातारी माणसं बोट ठेवून सांगतात, इथे चिंच होती. तरुण मुलं मोबाईलवर उपग्रहाचं चित्र उघडून ती चिंच नेमकी कुठे येते ते दाखवतात.